मेत्र फार चांगले आहेत

१६ मार्च १९८८

वहीच्या पाना, तुझ्याएवढं विसरभोळं मी अख्ख्या मॉरिशसात पाहिलं नाही. काल एवढं सांगितलं, आणि आज परत कोरं तोंड घेऊन समोर! माझी दाढ गेली, गुडघे गेले, पण आठवण नाही गेली. तुझी रोज जाते. म्हणून परत सांगते, नीट ऐक.

मी सांगते, माझी नात इंद्राणी लिहिते. मला अक्षर येत नाही. जन्म उसात गेला, शाळा बाहेरूनच पाहिली. मुलगा सत्यदेव सरकारी कचेरीत लागला तेव्हा त्यानं मला माझं नाव काढायला शिकवलं — रांगोळी काढतात तसं. इथून उचल, तिथं वळव. कुठलं अक्षर कोणतं, देव जाणे! पण सही झोकात येते. अंगठा मी कुठंच देत नाही. आमच्या फिनिक्स गावात सगळ्यांना वाटतं, म्हातारी शिकलेली आहे. वाटू दे.

आज इंद्राणी नाचतच घरी आली. रेद्वीच्या युनिव्हर्सिटीत ती कायदा शिकते, दुसरं वर्ष. तिथं बुधवारी बाहेरचं कुणी मोठं माणूस येतं आणि पोरांना सांगतं, पुढं काय काय होता येईल. आज मेत्र कृष्णदेव आले होते — पोर्ट लुईसचे नावाजलेले वकील. वकिलाला इथं मेत्र म्हणतात.

"चार वाटा आहेत म्हणाले, आजी. आवोका कोर्टात उभा राहून बोलतो. आवुए कागद तयार करतो. नोतेर खरेदीखतं, मृत्युपत्रं करतो. आणि मॅजिस्ट्रेट ऐकतो."

"म्हणजे एक बोलतो, एक लिहितो, एक शिक्का मारतो आणि एक झोपतो."

हसली. मग म्हणाली, मेत्रांनी एकेकाला उठवून विचारलं, कायद्याकडं का आलात? "मी सांगितलं, माझी आजी रोज रोजनिशी लिहिते. जे पाहिलं ते जसंच्या तसं. तिच्यामुळं आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!"

"लिहिते? मी?"

"सांगणं म्हणजे लिहिणंच की."

खोटारडी! (ती म्हणते, हा शब्द लिहायलाच हवा का? हवा.) पण खरं सांगू, बरं वाटलं. मला टाळ्या कधी मिळाल्या होत्या?

मेत्रांनी माझं नाव विचारलं म्हणे. कुठं राहते तेही.

२३ मार्च

आज पोलीस आला. चहा प्याला, चार गातो पिमां, मिरचीची भजी ती, खाल्ले, आणि म्हणाला — ग्रांमेर, म्हणजे आजी, केस ऑगस्टात उभी राहील, साक्षीला यावं लागेल. येईन म्हटलं. नाही कसं म्हणू?

गेल्या वर्षीची ऊसतोड. मी पेती राफ्रेला धाकट्या बहिणीकडं, चंद्रकलाकडं गेले होते. सकाळची वेळ, ओसरीवर बसून पालेभाजी निवडत होते. प्रेमचंद सायकलवरून चालला होता, मागं वांग्यांची टोपली. उसाचा ट्रक आला आणि त्याला घेऊनच पुढं गेला. मग थांबला. स्टिअरिंगमागून उतरला तो हरिलाल — ट्रकांच्या मालकाचा पोरगा. दुसरं कुणी नव्हतं ट्रकात. त्यानं वाकून पाहिलं. प्रेमचंदचा हात हलत होता — मला दिसला, म्हणजे त्यालाही दिसला. तो परत चढला आणि ट्रक घेऊन गेला. रस्ताभर वांगी.

प्रेमचंद दुपारपर्यंत होता.

आता हरिलाल म्हणतो, मी नव्हतोच, नोकर चालवत होता. नोकरही मान डोलावतो. बघणारी मी एकटी. प्रेमचंदची बायको भगवती मला म्हणाली होती, "काकी, जास्तीचं काही नको. पाहिलंत तेवढं सांगा."

तेवढं तर येतं मला.

६ एप्रिल

इंद्राणी आज मेत्रांच्या गाडीतून आली. निळी गाडी, पांढरे पडदे. पाऊस होता म्हणून सोडलं म्हणे. इकडं तर थेंब नाही.

२० एप्रिल

सत्यदेव आज दोनदा जेवला! कारण असं — मेत्रांनी सगळ्या वर्गातून इंद्राणीला निवडलं. शनिवारी आणि सुटीत त्यांच्या ऑफिसात शिकायला जायचं. फाइली वाचायच्या, त्यांच्यामागं कोर्टात बसायचं. आणि पास झाली की लंडनला बॅरिस्टरीसाठी ते शब्द टाकणार.

"आई, आपल्यात एक तरी आवोका आहे का? मास्तर झाले, क्लार्क झाले. काळा झगा कुणी घातला?"

सून विद्यावती म्हणाली, "पण एवढ्या पोरांतून आपलीच का?"

"का म्हणजे? हुशार आहे म्हणून!"

हुशार आहेच. पण विद्यावतीनं विचारलं ते मलाही विचारायचं होतं. ती आधी बोलली म्हणून मी तिच्यावर रागावले. सासू आहे मी, तेवढं करायला हवं.

४ मे

मेत्रांकडून मिठाईचा डबा आला. लाल कागद, सोनेरी दोरी. सोबत निरोप — आजींची तब्येत कशी आहे? डोळे कसे आहेत?

बाकी कुणी माझ्या गुडघ्यांचं विचारतं. हे डोळ्यांचं विचारतात. फार चांगले आहेत.

१४ मे

आज क्युर्पिपला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. मेत्रांचे मित्र. पैसे नकोत म्हणाले. इंद्राणी सोबत होती. मी म्हणत होते, डोळ्यांना काय धाड भरलीय? पण तिचं मन मोडू नये म्हणून गेले.

बाहेर बाकावर आपल्या मराठी मंडळातल्या तिघी बसलेल्या. एक ती जाडी, जी गणपतीला सगळ्यांच्या मोदकांना नावं ठेवते. दार उघडंच. डॉक्टरनं मला खुर्चीवर बसवलं आणि समोर भिंतीवर बोट केलं. पांढरा तक्ता, त्यावर अक्षरं. वर एक मोठं, खाली मुंग्यांसारखी.

"वाचा, ग्रांमेर."

आता काय सांगू? बाहेर त्या तिघी कान टवकारून. एक डोळा झाकून म्हटलं, दिसत नाही बाबा.

"वरचं मोठं?"

"तेही नाही."

"दुसऱ्या डोळ्यानं?"

"नाही."

डॉक्टर लिहीत राहिले. मी खिडकीतून समोरच्या दुकानात पाहत होते — दुकानदार बटाटे तोलताना पारड्याला करंगळी लावत होता. ओरडावंसं वाटलं! पण मी आंधळी ना, गप्प बसले.

डोळे म्हातारपणानं जातात, त्याला कुणी हसत नाही. अक्षर येत नाही म्हटलं की हसतात. म्हणून तसं बोलले. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी पोट धरून हसलो. इंद्राणी म्हणाली, "आजी, तू नाटकात जायला हवं होतंस!"

२८ मे

चष्मा आला. मेत्रांची माणसं घेऊन आली. घातला तर सगळं घर पाण्याखाली गेलं. काढून देवाशेजारी ठेवला. देवालाच लागेल तर लागेल.

१२ जून

चंद्रकला आली. पेती राफ्रेहून दोन बस बदलून, नुसतं एवढं सांगायला.

"ताई, हरिलालच्या बापानं वकील केला. कोण, माहितेय? कृष्णदेव. पोर्ट लुईसचा."

मी तांदूळ निवडत होते. हात थांबला नाही. हात असा मूर्ख असतो.

"कधी केला?"

"फेब्रुवारीपासून तोच आहे म्हणतात."

फेब्रुवारी. आणि बुधवारचं ते भाषण मार्चात.

१३ जून

काल इंद्राणीला सांगितलं. ती आधीच जाणत होती! दोन आठवडे. फाइल टेबलावर पाहिली होती.

"मग बोलली का नाहीस?"

"मेत्रांनीच सांगितलं, ही फाइल तू उघडायची नाही. म्हणजे सरळ आहेत ना ते? आणि आजी, वकील म्हणजे त्याचा अशील नव्हे. पहिल्याच दिवशी शिकवलं आम्हाला. ते कुणाचीही केस घेतात, तो पेशा आहे."

"माझ्या साक्षीबद्दल कधी काही विचारतात?"

"कधीच नाही."

डबा पाठवणारा, गाडी पाठवणारा, डॉक्टरकडं पाठवणारा माणूस — आणि साक्षीचा एक शब्द विचारत नाही.

(इंद्राणी लिहिता लिहिता थांबली. म्हणते, आजी, तू उगाच चांगल्या माणसाला रंगवतेस. लिही म्हटलं. रंग मी दिला, रेघ त्याचीच आहे.)

२ जुलै

सत्यदेव ओसरीवर माझ्या शेजारी येऊन बसला. लहानपणी चोरी करून आला की असाच बसायचा.

"आई, तुझं वय झालं. वर्ष होऊन गेलं त्या गोष्टीला. माणसाला विसरायला होतं. कोर्टात कुणी रागावणार नाही."

"तुला कुणी सांगायला सांगितलं?"

"कुणी नाही! मला वाटलं ते बोललो."

"मी विसरते का रे? तू सहा वर्षांचा असताना शेजाऱ्याच्या पेरूच्या झाडावरून पडलास, कुठल्या कुशीवर पडलास सांगू?"

हसला नाही. म्हणाला, "इंद्राणीचा तरी विचार कर."

तोच तर करतेय.

१६ जुलै

निळी गाडी आज समोरच्या नळापाशी उभी होती. आत कोण, पडद्यामुळं दिसत नाही. इंद्राणी घरातच होती. मग गाडी कुणाला सोडायला आली? विद्यावती कपडे वाळत घालायला गेली आणि ओलेच घेऊन परत आली.

१७ जुलै

आजही.

३ ऑगस्ट

उद्या साक्ष. इंद्राणी सांगत आली, मेत्रांनी तिच्या अख्ख्या वर्गाला कोर्टात बोलावलंय. उलटतपासणी कशी करतात ते दाखवायला. पुस्तकात मिळत नाही ते इथं बघा म्हणाले.

"तू कुठं बसणार?"

"त्यांच्यामागं. तिथंच माझी खुर्ची आहे, आजी."

नवं पातळ काढून ठेवलं. पोरांना दाखवायला नेतायत, तर निदान बघण्यासारखी दिसावी.

५ ऑगस्ट

काल बोलवेना. आज सांगते.

सरकारी बाजूनं विचारलं, मी सांगितलं. ओसरी, वांगी, हरिलाल, प्रेमचंदचा हात. भगवती समोर बसलेली, पदर तोंडात धरून. हरिलाल बुटाकडं बघत होता.

मग मेत्र उठले. बोंझूर मादाम, म्हणाले. आवाज असा, की माझ्या सख्ख्या भावानं कधी इतक्या प्रेमानं विचारलं नाही. मागं बाकांवर युनिव्हर्सिटीची पोरं दाटीवाटीनं, मांडीवर वह्या.

"क्युर्पिपच्या डॉक्टरांकडं गेला होतात?"

"गेले होते."

"तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचलंत?"

"नाही."

"दुसऱ्या डोळ्यानं?"

"नाही."

"त्यांनी चष्मा दिला. आज तो कुठं आहे?"

"देवाशेजारी."

पोरं हसली. मेत्र हसले नाहीत. थांबले. तेव्हा मला कळलं, आता तोंड उघडायला हवं. लाज गेली चुलीत! मी म्हटलं, "साहेब, दिसत होतं. मला वाचता येत नाही. अक्षरच येत नाही मला."

मेत्रांनी कागद उचलला. "पोलिसांच्या जबाबावर ही सही तुमची?"

"माझी."

"सुंदर आहे. आणि मादाम, तुम्ही रोज रोजनिशी लिहिता. या सगळ्या विद्यार्थ्यांनी ते ऐकलंय. तुमच्या नातीनंच अभिमानानं सांगितलं — जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते. रोज लिहिणारी बाई वाचता येत नाही म्हणते. तेव्हा खोटं होतं, की आज?"

बाकांवरची पोरं माना डोलावू लागली. त्यांनी ऐकलं होतंच ना! टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या.

मी मेत्रांच्या मागं पाहिलं. इंद्राणी खुर्चीत होती, फाइल छातीशी धरून. ओठ पांढरे. बोलली नाही.

पुढची तारीख अठरा. मेत्र जाताना मला म्हणाले, "पायरीला जपा, मादाम. दिसायचं नाही तुम्हाला."

८ ऑगस्ट

इंद्राणीनं दोन दिवस पेन हातात घेतलं नाही. आज घेतलं.

"मी उभी राहिले तर काय होईल माहितेय, आजी? मी सगळ्यांसमोर खोटं बोलले होते, हे सांगावं लागेल. त्यांच्या खुर्चीत बसून त्यांच्याच विरुद्ध. पुन्हा या बेटावर मला कुठलाच वकील दारात उभं करणार नाही. लंडन तर सोडच."

"माहितेय."

"तू काहीच सांगणार नाहीस?"

"नाही. तुला सांगणारे पुष्कळ आहेत."

"पण मी काय करू?"

"भगवतीकडं बघून ये. मग कर, नाहीतर करू नकोस. मी दोन्हीकडून तुझीच आजी."

(हे तिनं लिहिलं आणि वहीवर डोकं ठेवून बसली. मी केसांतून हात फिरवला. तेल लावत नाही मेली, नुसतं गवत झालंय.)

१२ ऑगस्ट

पोरगी सकाळी न सांगता गेली. संध्याकाळी आली. चपलांवर पेती राफ्रेची लाल माती. चार पोळ्या खाल्ल्या.

१८ ऑगस्ट

उभी राहिली!

सकाळीच सरकारी वकिलाकडं जाऊन तिनं सगळं सांगितलं होतं. कोर्ट सुरू झालं तेव्हा ती मेत्रांमागच्या खुर्चीत नव्हती, माझ्या शेजारी होती. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, तुमचं म्हणणं काय? उठली. म्हणाली — माझ्या आजीला अक्षर येत नाही. रोजनिशी मी लिहिते. भाषणाच्या दिवशी मी फुशारकी मारली. डॉक्टरकडं मी तिच्याशेजारी होते, तिनं लाजेनं दिसत नाही म्हटलं ते मला माहीत होतं. मी हसले. गप्प राहिले.

मॅजिस्ट्रेट झोपले नव्हते, पाना. मी उगाच बोलले त्यांना. म्हणाले, हे असं उभ्या उभ्या चालायचं नाही, शपथेवर घ्यायला हवं. आता इंद्राणीच साक्षीदार. पुढच्या महिन्यात, सव्वीसला.

मागं पोरांमधून कुणीतरी हळूच टाळी वाजवली. एकच. बाकीच्यांनी वह्या मिटल्या.

बाहेर पायऱ्यांवर मेत्र तिच्यापाशी आले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, मादमोआझेल. धाडस लागतं. काळजी घ्या स्वतःची. सप्टेंबर अजून लांब आहे."

हरिलाल गाडीला टेकून उभा होता. त्यानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली — आणि तिच्याकडं पाहिलं.

२१ ऑगस्ट

रस्ता ओलांडताना ट्रकनं इंद्राणीची पिशवी नेली. खांद्यावरून. ती पडली, गुडघा फुटला, बाकी ठीक. उसाचे ट्रक या दिवसांत भरधाव असतातच, सत्यदेव म्हणाला. असतात. पण फिनिक्सच्या या गल्लीत ऊस कुठला?

मी आणि विद्यावतीनं ठरवलं, पोरीला इथं ठेवायचं नाही. युनिव्हर्सिटी बुडाली तरी चालेल. नळापाशी निळी गाडी नाही आता. तीच जास्त दिसते मला, नसून.

२७ ऑगस्ट

आजपासून अक्षर विद्यावतीचं. पोरगी सुखरूप पोचली. कुठं, ते तुला सांगणार नाही. तू विसरतंस, पण तुझ्यावरून दुसरे वाचतात.

३० ऑगस्ट

आजही अक्षर विद्यावतीचंच आहे. सत्यदेव दुपारी घरी आला — निळ्या गाडीतून. हातात सोनेरी दोरीचा डबा. म्हणाला, इंद्राणी कुठं ठेवलीय ते मला एकट्यालाच का सांगत नाही, मी बाप आहे तिचा. आणि बोलताना माझ्या शेजारी, ओसरीवर, येऊन बसला.

लिही, विद्यावती. नवऱ्याचं नाव आलं म्हणून पेन थांबवू नकोस. तो डबा उघडायचा नाही, गाईलाही घालायचा नाही, पुरून टाक. उद्या तू स्वतः बसनं जा. भाकऱ्या ने, जाडच थाप, लसणाची चटणी, उकडलेली अंडी सालीसकट. गोड काही नको. आणि पोरीला सांग — तुझ्या हातचं असेल तेवढंच खायचं, बापानं आणलं तरी नाही.